नावाच्या दिवशी आलेली माणसं

३ जून

सुटले एकदाची. स्वच्छता तपासणारा साहेब येऊन गेला. मासे धुरावायची खोली, विहीर, संडास, सगळं त्याने नाक मुरडत बघितलं आणि शेवटी दोन लेपे हाडांसकट संपवून "करा चालू" म्हणाला. माझ्या मुलाने, राइनिसने, लगेच फाटकाला पाटी ठोकली. ‘काइयास. समुद्रावर एक दिवस, सहकुटुंब.’ ‘सहकुटुंब’ त्याने एवढं मोठं काढलंय की घराचं नाव कोपऱ्यात अंग चोरून बसलंय.

लोक विचारतात, आन्त्से, या वयात तुला हे कुठून सुचलं? मी म्हणते, हौस. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. मला राइनिसला धरून ठेवायचंय. माझ्या मैत्रिणीचे, विज्माचे, दोन्ही मुलगे आयर्लंडला गेले. आमच्या पलीकडच्या घराच्या खिडक्यांना फळ्या मारल्यात, त्याच्या पलीकडच्या घराचं छप्परच बसलं. राइनिस सदतिसाव्या वर्षी अजून माझ्याजवळ आहे, पण हिवाळ्यात मासेमारी आणि उन्हाळ्यात जमेल तेवढं सुतारकाम, एवढ्यावर माणूस किती दिवस टिकणार? काम वाढलं की राहील, असा माझा हिशेब. तो गेला तर मी या घरात एकटी काय करू, हे मला खरंच माहीत नाही.

९ जून

पहिलं कुटुंब आलं. रीगाची माणसं, जुळी मुलं. आम्हाला लहानपणी जी कामं रट्टे घालून करायला लावायचे, ती करायला हे लोक इतक्या लांबून येतात! मासे स्वतः साफ करायचे, आल्डरच्या लाकडांची धुरी द्यायची, तोवर इर्बे नदीतून होडीने मुखापर्यंत जायचं, वाळूत तृणमण्यांचे, म्हणजे अंबरचे, पिवळे खडे शोधायचे, परत येऊन स्वतःचा मासा स्वतः खायचा. बाप नदीत पडला. मला वाटलं, आता भांडेल. तर बाहेर आला तो हसतच, आणि बायको म्हणाली, यांना असं हसताना किती दिवसांनी बघितलं.

राइनिस दिवसभर नव्हता. लांब येल्गावा शहरात होडीच्या इंजिनाचा भाग आणायला गेला होता. क्रान्त्सिसला व्हॅनमध्ये घेऊन गेला. इंजिन आणायला कुत्रा कशाला लागतो, देव जाणे.

१८ जून

पुन्हा येल्गावा. पुन्हा इंजिनाचा तोच भाग. आणि नवा निळा शर्ट.

"इंजिन काय शर्ट बघून चालू होतं का रे?" मी विचारलं.

"आई, तू ना," एवढंच म्हणाला आणि कान लाल करून निघून गेला.

संध्याकाळभर धक्क्यावर फोन कानाला लावून बसलेला असतो. मी जवळ गेले की गप्प. विज्माचा थोरला जायच्या आधी अस्साच वागायचा. एजंटाशी बोलायचा तो, आयर्लंडातल्या.

२४ जून

लीगोची रात्र, वर्षातली सगळ्यात लहान रात्र, पार पडली. सहा कुटुंबं आली होती, शेकोटी चांगली पेटली, मुलांनी ओकच्या पानांचे मुकुट घालून दंगा केला, कुणी भाजलं नाही, कुणी बुडालं नाही. सगळं निभावलं.

पण राइनिस नव्हता. ‘मित्रांकडे’ गेला. जन्मल्यापासून एकही लीगो त्याने या अंगणाबाहेर घालवलेला नाही. मी आणि विज्माने घसा फोडून गाणी म्हटली. पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्या काय उत्साही आहेत! चीज कापताना मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

५ जुलै

राइनिसने अंगणातल्या ओकला झोपाळा बांधला. छान बांधलाय, पाटी गुळगुळीत घासलीय. पाहुण्यांच्या मुलांना होईल. मग जेवताना अचानक विचारतो, "आई, सहा वर्षांच्या मुलींना काय खायला आवडतं गं?"

मी म्हटलं, "पॅनकेक. सगळ्या वयाच्या मुलींना पॅनकेकच आवडतात." म्हणजे धंद्यात लक्ष घालतोय तर. मला बरं वाटलं.

आणि मग दुपारी तो मोठ्या खोलीत टेप घेऊन भिंती मोजताना दिसला. त्याचे वडील गेल्यापासून मी ती खोली उघडत नाही. मी दारात उभी राहिले, तो दचकला. म्हणाला, "आई, हिवाळ्यात तू एकटी निभावशील का?"

आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "जा ना, खुशाल जा! मी काही मरत नाही." तो जाळी दुरुस्त करायला निघून गेला. मी विचारायला हवं होतं, कुठे, का, कोणाबरोबर. नाही जमलं. विचारलं आणि त्याने खरंच ‘हो’ म्हटलं तर?

१२ जुलै

त्याच्या पलंगाखाली सुटकेस आहे. नवीन, मोठी, चाकांची. मी फक्त झाडू मारत होते.

विज्माला सांगितलं. ती म्हणाली, "सरळ विचार की त्याला."

"तो सांगत का नाही?"

"तुझ्या जिभेला घाबरतो. अगं, सगळा किनारा घाबरतो तुझ्या जिभेला, त्याचं काय घेऊन बसलीस!"

काहीतरीच. मी जे खरं ते बोलते, एवढंच. राइनिसने पूर्वी घरी आणलेल्या दागनियाच्या वेळीही मी फक्त इतकंच म्हटलं होतं की हिच्या हातून पाव फुगणार नाही. ती दुसऱ्या दिवशी परत आली नाही, त्याला मी काय करू?

२५ जुलै

उद्या माझ्या नावाचा दिवस, कॅलेंडरात उद्याच्या तारखेखाली ‘आन्त्से’ छापलंय. सकाळपासून बेकनचे पाव भाजतेय. किती माणसं येतील ते नेहमीप्रमाणे देवालाच ठाऊक. नावाच्या दिवसाला कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि जो येतो त्याला कसे काय आलात म्हणून विचारायचं नसतं. टेबल भरून ठेवायचं आणि रस्त्याकडे बघत बसायचं. या वर्षी वाट बघायची भीतीच वाटते.

त्यात एक गोंधळ. परवा फोनवर कुल्डीगाच्या व्हिटोल्स नावाच्या गृहस्थाला मी उद्याच्या दुपारचा ‘दिवस’ देऊन बसले. दोन मोठी, एक लहान. फोन खरखरत होता, तारीख लक्षात आली नाही. राइनिस ऐकून उखडलाच.

"उद्या पाहुणे कशाला घेतलेस?"

"का? उद्या काय आहे एवढं? माझ्यासारख्या म्हातारीचा नावाचा दिवस!"

"तसं नाही गं... मी क्लिंगेर केक आणायला व्हेन्ट्सपिल्सला जातोय. तिनापर्यंत येतो. तोवर जरा नीट वाग."

"कोणाशी?"

"सगळ्यांशीच," म्हणाला.

उद्या सांगणार तो. टेबलावर केक ठेवून सांगणार. विज्माच्या थोरल्यानेही नावाच्या दिवशीच सांगितलं होतं.

२६ जुलै

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारच्या आधीच फाटकाशी गाडी थांबली. एक तिशीतली बारीकशी बाई, तिची मुलगी आणि पांढऱ्या दाढीचा, ताठ मानेचा म्हातारा. दोन मोठी, एक लहान. व्हिटोल्स. म्हटलं, शहरातली माणसं वक्तशीर म्हणतात ते उगीच नाही. बाईच्या हातात डेझींचा गुच्छ. "नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा!" म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कॅलेंडर काय सगळ्यांच्याच भिंतीवर असतं, सकाळी रेडिओवरही सांगतात. मला तर पोस्टमननेही शुभेच्छा दिल्या होत्या. फुलं मोजली, विषम होती; सम फुलं मयताला नेतात. चांगल्या वळणाची माणसं, म्हटलं.

"मी लाउमा," बाई म्हणाली. "हे माझे वडील, ही ग्रिएता. आम्ही जरा लवकरच आलो. बाबांना कुठेही लवकर पोचायचं असतं."

"अहो, मी वाटच बघत होते तुमची."

ती बावरली. "तुम्हाला... माहीत होतं आम्ही येणार ते?"

"माहीत नसायला काय झालं? सगळं ठरलंय!"

ती लाल झाली आणि तिने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तेवढ्यात क्रान्त्सिस धावत आला. परक्याला फाडून खाईल असा भुंकणारा हा कुत्रा ग्रिएताच्या गळ्यात पडला, आणि तीही "क्रान्त्सिस! क्रान्त्सिस!" करायला लागली. मला वाटलं, आपल्याकडे दर तिसरा कुत्रा क्रान्त्सिसच असतो, पोरीने अंदाजाने मारलं.

मग मी कार्यक्रम सुरू केला. म्हाताऱ्याच्या कमरेला माझा एप्रन बांधला आणि हातात सुरी दिली. तो बादलीतल्या लेप्यांकडे बघतच राहिला.

"बाई, आमच्याकडे पाहुण्याला आधी बसवतात."

"आमच्याकडे आधी मासे. जो साफ करील तोच खाईल."

"नावाच्या दिवशीसुद्धा?"

"नावाच्या दिवशी जास्तच!"

त्याने दाढी खाजवली, मग बाह्या सरसावल्या. लाउमाला मासा धरताही येत नव्हता, दोनदा हातातून निसटला. मी म्हटलं, "अगं, तो मेलेला आहे, पळून नाही जाणार, घट्ट धर!" ती इतकी घाबरून माझ्याकडे बघायची की मला वाटलं, हिला कुणीतरी फार रागावत असणार घरी. ग्रिएताने मात्र काजळीत लोळून लाकडं रचली. धुरीच्या खोलीशी म्हाताऱ्याचं आणि माझं वाजलंच.

"धूर फार होतोय," तो म्हणाला.

"मला शिकवताय? या खोलीत मी जन्मभर मासे धुरावलेत."

"आणि मी कोळशाच्या इंजिनावर उमेदवारी केलीय. आग कळते मला. झडप जरा उघडा."

उघडली. धूर बसला. मग तो खुर्ची ओढून तिथेच ठाण मांडून बसला, आणि नात त्याच्या मांडीवर. म्हणून होडीत मी आणि लाउमा दोघीच गेलो.

ती वल्ही मारायला बसली, तर होडी गोल फिरायला लागली. शेवटी मीच वल्ही घेतली. नदी आज छान शांत होती, मुखाजवळ समुद्र चमकत होता. लाउमा म्हणाली, "किती सुंदर आहे हो इथे. तुम्ही भाग्यवान."

आता, परक्या माणसाला जे सांगता येतं ते घरच्याला सांगता येत नाही. ती संध्याकाळी कुल्डीगाला जाणार, पुन्हा कधी तोंड दिसणार नाही. मी बोलून गेले.

"कसली भाग्यवान! मुलगा जाणार माझा. आज सांगणार आहे. आयर्लंडला चाललाय, सुटकेस बघितली मी. मग मी आणि कुत्रा."

तिने हळूच विचारलं, "तुम्ही थांबवत का नाही?"

"कशाच्या जोरावर थांबवू? इथे त्याचं आहे कोण? त्याने कोणाला आणलं असतं ना घरात..."

"कोणाला?"

"कोणालाही! मी आता देवाशी घासाघीस करत नाही. वयाने थोडी मोठी असली तरी चालेल. आधीचा संसार मोडलेली चालेल. पदरी पोर असलं तर उलट बरंच, घरात आवाज तरी होईल. मासा धरता येत नसला तरी चालेल बाई! मोठी खोली देईन तिला. आणि तोंड बंद ठेवीन."

"ठेवता येईल?"

मी जरा विचार केला. "नाही," म्हटलं. "पण मी रागावते ते वरवर. रोज जेवायला गरम घालीन, आणि तिला कुणी काही बोललं तर त्याची खैर नाही."

ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मी रुमाल दिला. नवऱ्याचं काहीतरी असणार, म्हटलं. असतंच. तिने नाक पुसत विचारलं, "हे त्याला कधी सांगितलंत का?"

"मुलाला? असलं काही मुलाला सांगतात का!"

परत आलो तेव्हा मासे मस्त सोनेरी झाले होते, आणि फाटकात एक लाल गाडी उभी होती. त्यातून अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ, त्याची बायको आणि एक मुलगा उतरले.

"आम्ही व्हिटोल्स. माफ करा हं, रस्ता चुकलो."

"व्हिटोल्स तर मघाशीच आले," मी म्हटलं.

"कोण आले?"

मी वळून म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याच्या दाढीत खवले चिकटले होते. "मी ओझोलिन्श," तो म्हणाला. "तालिवाल्डिस ओझोलिन्श, येल्गावाचा. तुम्हाला माहीत आहे म्हणालात ना?"

येल्गावा! माझ्या डोक्यात अजूनही काही शिरेना. त्याच वेळी राइनिसची व्हॅन आली. तो क्लिंगेरचं खोकं घेऊन उतरला. एप्रनमधला म्हातारा, काजळीने काळी पोर, रडून डोळे सुजलेली लाउमा, सगळं एकदम त्याच्या नजरेस पडलं आणि त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"आई! काय केलंस तू यांचं?"

"काय केलं म्हणजे? कार्यक्रम केला!"

"आई, ही लाउमा," म्हणाला. जसं काही तेवढ्यात सगळं येतं. आणि आलंच सगळं. इंजिन, निळा शर्ट, झोपाळा, पॅनकेक. मी मटकन झोपाळ्यावरच बसले.

ओझोलिन्श आजोबा कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे बाई, आम्ही कोण हे माहीत नसताना तुम्ही आम्हाला राबवलंत?"

"मग तुम्ही तरी विचारायचं ना, का राबवताय म्हणून!"

"पहिल्यांदा आलेल्या घरात? नावाच्या दिवशी? मला वाटलं, तुमच्याकडे अशीच पद्धत असेल. किंवा परीक्षा घेताय."

आधी ग्रिएता हसली. मग व्हिटोल्सची बायको, जिचा याच्याशी काही संबंध नव्हता. मग सगळेच. मी हसले की रडले ते मला नाही सांगता येणार. व्हिटोल्सनाही टेबलाशी बसवलं, मग विज्मा आली, बाकीचे आले, क्लिंगेरवरच्या मेणबत्त्या ग्रिएताने विझवल्या. आजोबांनी तीन लेपे खाल्ले आणि चौथा कागदात बांधून घेतला.

आयर्लंड नाही! नाही जात आयर्लंडला! दिवसभर उभी होते, पण पाय दुखत नाहीत.

लाउमाने मात्र होडीतलं कुणालाही काही सांगितलं नाही. जाताना तिने माझे दोन्ही हात धरले. मी काय काय बरळले ते आठवतंय आणि कान तापताहेत. आधीचा संसार मोडलेली चालेल, म्हणे!

२७ जुलै

सकाळी जाळ्यांपाशी राइनिस येऊन शेजारी बसला.

"आई, मी जाणार होतो," म्हणाला.

"कुठे? आयर्लंडला तर नव्हतास जाणार!"

"आयर्लंड कुठून काढलंस? येल्गावाला. ऑक्टोबरपासून तिथल्या सुतारखान्यात काम ठरवलं होतं. लाउमाला इथे यायचं नव्हतं."

"का? समुद्र आवडत नाही?"

तो जाळ्याची गाठ सोडवत बसला. सुटलेलीच गाठ होती ती. मग मला समजलं, अडचण समुद्राची नाही, माझ्या जिभेची, आणि मीही दुसरीकडे बघायला लागले.

"मोठी खोली मी पाहुण्यांसाठी नीट करून जाणार होतो," तो म्हणाला. "म्हणजे तुझं मागे चालू राहील. काल ती फक्त रीत म्हणून आली होती. तुला भेटायचं, चांगलं बोलायचं, आणि मग आम्ही दोघांनी तुला सांगायचं, असं ठरलं होतं. मला झोप नव्हती आठवडाभर."

"मग सांगितलंत का नाही?"

"गाडीत बसताना ती म्हणाली, येल्गावाचं रद्द कर. ग्रिएतासाठी इथली शाळा बघ. मी विचारलं, असं एकदम काय झालं? तर सांगायलाच तयार नाही. आई, होडीत तू काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. नदीबद्दल बोलत होतो."

"आई."

"नदीबद्दलच!" मी म्हटलं, आणि उठून घरात आले.

मी मोठ्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. कड्या गंजल्या होत्या, एक तर हातोडीने ठोकावी लागली. वारा आत आला, गादीवरची धूळ उडाली, मी शिंकत शिंकत पलंगाच्या कडेवर बसून राहिले. तो खरंच जाणार होता. आयर्लंड चुकलं, पण जाणार होता. ती कोण आहे हे मला काल दुपारी कळलं असतं, तर मी चांगला ड्रेस घालून, पाठ ताठ करून बसले असते. पाव कसा भाजतेस, स्वयंपाक येतो का, आधीच्या नवऱ्याचं काय झालं, सगळं विचारलं असतं. मनातला एक शब्द बोलले नसते. आणि ती चहा पिऊन, आभार मानून, माझ्या मुलाला घेऊन गेली असती. आणि तरी किती मोकळं वाटतंय, देवा, किती मोकळं.

आता राइनिस खिडकीखाली रंगाचे नमुने घेऊन उभा आहे. "आई, या खोलीला पांढरा देऊ की पिवळा?" विचारतोय. पिवळा द्यायला हवा, पांढऱ्यावर काजळी दिसते. जिभेच्या टोकावर आलं होतं.

"मला काय विचारतोस," मी म्हटलं. "लाउमाला फोन कर."